रक्तातून मणक्याच्या पाण्यात: मेंदूज्वराच्या उपचाराचे चौदा दिवस

सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकची एक ग्रॅमची व्हायल १० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवली की फिकट पिवळं द्रावण होतं. अशा दोन व्हायली १०० मिली सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात शिरेतून दिल्या, की रक्तातलं औषध दर मिलीला २५० मायक्रोग्रॅमच्या आसपास जातं. त्याच रुग्णाच्या मणक्यातलं पाणी काढून मोजलं, तर आकडा बऱ्याचदा एक अंकी निघतो. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा, म्हणजे मेनिंजायटिसचा, सगळा उपचार या एक अंकी आकड्यावर उभा असतो.

एवढे मोठे डोस कशाला? गोळ्या का नाहीत? पाठीतलं पाणी काढायलाच हवं का? आणि आता बरं वाटतंय तर इंजेक्शनं कमी का करत नाही? कोल्हापुरात वॉर्डात काम करताना नातेवाईक हे प्रश्न रोज विचारतात, आणि त्या चारही प्रश्नांचं मूळ या आकड्यात आहे. म्हणून आम्ही ही प्रक्रिया जशी करतो तशी क्रमाने लिहीत आहोत. हिशेबाला साठ किलोचा प्रौढ रुग्ण धरला आहे; मुलांचे डोस जिथे वेगळे पडतात तिथे तसं सांगितलं आहे.

ताप, डोकेदुखी, आखडलेली मान आणि भान हरपणं या चारांपैकी निदान दोन गोष्टी बहुतेक प्रौढ रुग्णांत सापडतात. चारही एकत्र दिसण्याची वाट पाहायची नसते. तान्ह्या बाळात तर मान आखडतच नाही असं म्हटलं तरी चालेल. ते अंगावर पीत नाही, सारखं किरकिरतं किंवा मलूल पडतं, टाळू फुगलेली लागते. पहिल्या तासात आमचा क्रम ठरलेला असतो: शीर लावणे, रक्ताचे कल्चर (जंतू उगवून पाहण्याची तपासणी) दोन बाटल्यांत, त्याच वेळी रक्तातली साखर, प्लेटलेट आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिॲटिनिन. मग सूज आवरणारं डेक्सामेथासोन, मग सेफ्ट्रियाक्सोन, मग दुसरं अँटिबायोटिक व्हॅन्कोमायसिन. पाठीतलं पाणी शक्य असेल तर औषधाच्या आधी काढायचं, पण त्यासाठी औषध अडवून ठेवायचं नाही.

इथे सगळ्यात महाग पडणारं वाक्य म्हणजे "आधी सीटी होऊ दे, मग बघू." सीटी सगळ्यांना लागत नाही. एका बाजूची ताकद गेली असेल, नव्याने झटका आला असेल, डोळ्याच्या पडद्यावर सूज दिसत असेल, भान फार खालावलं असेल किंवा प्रतिकारशक्ती मुळातच क्षीण असेल, तर सुई घालण्याआधी सीटी करावा, कारण आत दाब फार वाढला असेल तर पाणी काढल्यावर मेंदू खाली सरकण्याची भीती असते. पण अशा रुग्णालाही कल्चर घेऊन पहिला डोस आधी द्यायचा आणि मगच स्ट्रेचर सीटीकडे ढकलायचं. चंदगड किंवा गगनबावड्याकडून लांबून येणाऱ्या रुग्णाबाबतही हेच. तिथल्या डॉक्टरांना आमची कळकळीची विनंती असते की पहिला पूर्ण डोस तिथेच द्या, वेळ चिठ्ठीवर लिहा आणि मग पाठवा. शीर मिळत नसेल तर सेफ्ट्रियाक्सोन स्नायूत देता येतं. फक्त स्नायूत देताना वापरलेलं, जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमधलं द्रावण चुकूनही शिरेत जाता कामा नये.

आता पाठीतल्या पाण्याची तपासणी. "पाठीतलं पाणी काढल्यावर माणूस पांगळा हुतोय म्हणत्यात, खरं हाय काय डॉक्टर?" हा प्रश्न आला की आम्ही कागदावर मणका काढूनच दाखवतो. मज्जारज्जू प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे पाण्यात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात आणि ते सुईपुढून बाजूला सरतात. नवजात बाळात मज्जारज्जू तिसऱ्या मणक्यापर्यंत उतरलेला असतो, म्हणून त्याला खालचीच फट घ्यायची. दुसरी भीती पाणी कमी पडण्याची. शरीरात हे पाणी एका वेळी सुमारे १५० मिली असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिली नवं तयार होतं. आम्ही काढलेलं ७-८ मिली पाणी अर्ध्या तासाच्या आत भरून निघतं. हे ऐकल्यावर बहुतेक मावशी सही करायला तयार होतात.

रुग्णाला डाव्या कुशीवर घेऊन गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी आणायची. धरणारा माणूस चांगला असेल तर अर्धं काम झालं. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे वरचे काठ बोटांनी जोडले की चौथ्या मणक्याची पातळी सापडते. २२ नंबरची सुई, टोक बेंबीच्या दिशेने. आत शिरताना एक हलका 'टक्' जाणवतो, मग स्टायलेट, म्हणजे सुईच्या पोकळीतली तार, काढून थांबायचं. पहिला थेंब बाहेर येतो तेव्हा बोलणं आपोआप थांबतं. निरोगी पाणी नळाच्या पाण्यासारखं नितळ असतं. हे मात्र तांदळाच्या धुवणासारखं गढूळ येतं आणि काचेची बाटली खिडकीकडे धरली तर पलीकडचं अक्षर वाचता येत नाही. दाब मोजायची नळी लावली तर पाणी २० सेंटिमीटरच्या वर चढत जातं.

प्रत्येक बाटलीत एक-दोन मिली: एक साखर-प्रथिनांसाठी, एक स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि कल्चरसाठी, एक पेशी मोजायला. टीबीची शंका असेल तर सीबीनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासणीसाठी चौथी, आणि तिच्यात जमेल तितकं जास्त, कारण टीबीचे जंतू पाण्यात फार विरळ असतात. स्टायलेट परत आत घालून मगच सुई ओढायची. नंतर रुग्णाला सहा तास पालथं झोपवल्याने डोकेदुखी टळते असं अजून मानलं जातं, पण त्याला आधार नाही; त्याला आरामात पडू द्यावं.

यापुढच्या दोन चुका वारंवार होतात. पहिली, बाटली फ्रीजमध्ये ठेवणं. 'सॅम्पल खराब होऊ नये' या चांगल्या हेतूनेच कोणीतरी ती ठेवतं, आणि मेनिंगोकोकससारखा नाजूक जंतू थंडीने मरतो. कल्चरची बाटली खोलीच्या तापमानातच, हातोहात प्रयोगशाळेत गेली पाहिजे. दुसरी चूक उशिराची. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी दोन तासांत निम्म्यावर येऊ शकतात आणि मग अहवालात संख्या खोटी कमी दिसते. साखरेचा आकडाही एकटा वाचायचा नाही. रक्तातल्या साखरेच्या ४० टक्क्यांखाली असेल तर जिवाणूंकडे बोट जातं. मधुमेही रुग्णाच्या रक्तात ३०० असेल तर पाण्यातली ९० ही 'नॉर्मल' नसते, ती कमी आहे.

स्टेनचा निरोप अर्ध्या-पाऊण तासात फोनवर येतो. जांभळे जोडगोळे म्हणजे न्यूमोकोकस. गुलाबी, घेवड्याच्या दाण्यांसारखे समोरासमोर बसलेले जोड म्हणजे मेनिंगोकोकस. जांभळ्या बारीक काड्या दिसल्या तर लिस्टेरिया मनात धरायचा. पहिला डोस आधी दिला असेल तर मेनिंगोकोकस दोन तासांत आणि न्यूमोकोकस चारेक तासांत कल्चरमधून नाहीसा होऊ शकतो. तरीही पेशी, साखर, प्रथिनं आणि स्टेन बरंच सांगून जातात. म्हणून औषध आधी गेलं तर तपासणी वाया गेली, असं समजू नये.

आता औषधाच्या वाटेकडे वळू. पॉल एर्लिख यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये उलट करून पाहिलं: रंग मेंदू-मणक्याच्या पाण्यात सोडला तर मेंदू रंगला, शरीर नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही. शरीरात इतरत्र या पेशींच्या फटींतून औषध सहज बाहेर पडतं. इथे त्याला पेशीच्या तेलकट आवरणातूनच आरपार जावं लागतं. पेनिसिलिन, सेफ्ट्रियाक्सोन, मेरोपेनेम ही सगळी पाण्यात विरघळणारी औषधं. तेलकट आवरण त्यांना आत घेत नाही.

एवढ्यावर भागत नाही. मेंदूच्या पोकळ्यांत हे पाणी तयार करणारे केशवाहिन्यांचे गुच्छ असतात, त्यांना कोरॉइड प्लेक्सस म्हणतात. तिथे उलटे पंप बसवलेले असतात. आत कसंबसं पोचलेलं पेनिसिलिन ते उचलून परत रक्तात टाकतात. शिवाय पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलतं, त्या प्रवाहाबरोबर औषध वाहून जातं ते वेगळंच. १९४२ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी मेंदूज्वराच्या रुग्णाला पेनिसिलिन दिलं. त्याची प्रकृती जरा सुधारून पुन्हा ढासळली, तेव्हा त्यांनी मणक्यातलं पाणी तपासलं. त्यात पेनिसिलिन सापडलं नाही. मग त्यांनी ते थेट मणक्यात टोचलं आणि रुग्ण वाचला. ती रीत पुढे सोडून द्यावी लागली, कारण मेंदूला थेट भिडलेलं पेनिसिलिन झटके आणतं. शिरेतून भरपूर मोठा डोस देऊन पाण्यात पुरेसं पोचवता येतं हे कळल्यावर तिची गरजही उरली नाही.

पुरेसं पोचतं, कारण आजारच ते पोचू देतो. जिवाणूंमुळे सूज आली की पेशींचे सांधे सैल पडतात आणि ते उलटे पंपही मंदावतात. निरोगी माणसात रक्तातल्या सेफ्ट्रियाक्सोनचा शंभरातला एखादा भाग आत जातो; मेंदूचं आवरण सुजलेलं असताना पाच ते पंधरा भाग जातात. मेरोपेनेम साधारण वीस. व्हॅन्कोमायसिनचा रेणू मोठा, सुमारे १४५० डाल्टनचा, म्हणजे सेफ्ट्रियाक्सोनच्या अडीच पटीहून मोठा. तो सूज असतानाच कामापुरता जातो आणि प्रत्येक रुग्णात वेगळा जातो. क्लोरॅम्फेनिकॉल, मेट्रोनिडाझोल, लिनेझोलिड ही तेलकट आवरण ओलांडणारी औषधं सूज असो-नसो निम्म्याहून जास्त आत जातात. क्लिंडामायसिन आणि सेफाझोलिन यांच्या भरवशावर मेंदूज्वर सोपवू नये. जेंटामायसिन शिरेतून कमी जातं, आणि जे जातं तेही पू झालेल्या आंबट पाण्यात आपलं बळ गमावतं.

प्रथिनांचा मुद्दाही डोसाशी बांधलेला आहे. सेफ्ट्रियाक्सोन रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून राहतं आणि चिकटलेला भाग सांधे ओलांडत नाही. रक्तात २५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी औषध असताना ९५ टक्के चिकटलेलं असतं, म्हणजे मोकळं फक्त पाच टक्के. ३०० मायक्रोग्रॅमला मात्र ८५ टक्केच चिकटतं, मोकळं पंधरा. म्हणून एक ग्रॅमऐवजी दोन ग्रॅम दिलं तर आत जाण्याजोगं मोकळं औषध दुपटीपेक्षा जास्त वाढतं. आणि आत पोचल्यावर पाण्यात अल्ब्युमिन अगदी थोडं असल्याने बहुतेक औषध मोकळंच, कामाचं असतं.

आता त्या एक अंकी आकड्याचा हिशेब. मेंदू-मणक्याच्या पाण्यात शरीराची स्वतःची फौज तोकडी असते; प्रतिपिंडं आणि रक्तातली जंतूनाशक प्रथिनं तिथे फार थोडी. त्यामुळे जंतूंची वाढ नुसती रोखून चालत नाही, औषधानेच त्यांना मारावं लागतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं की जंतूला रोखायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या, म्हणजे एमआयसीच्या, दहापट तरी औषध पाण्यात हवं. मेंदूज्वरात न्यूमोकोकसला सेफ्ट्रियाक्सोन लागू पडतं असं म्हणण्याची मर्यादा एमआयसी ०.५ ही आहे. दहापट म्हणजे ५. मेंदूज्वर झालेल्या मुलांना किलोमागे ५० मिलिग्रॅम दिल्यावर पाण्यात सरासरी ५.६ मायक्रोग्रॅम औषध सापडलं; ७५ मिलिग्रॅम दिल्यावर ६.४. म्हणजे आपण जेमतेम रेषेच्या वर असतो. आणि ही सरासरी आहे. काही मुलांत आकडा १.३ इतका खाली होता. न्यूमोनियात याच जंतूची मर्यादा एमआयसी १ पर्यंत चालते, कारण फुफ्फुसात औषध भरपूर पोचतं. त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर 'सेन्सिटिव्ह' छापलेलं असलं तरी ते कोणत्या मर्यादेने, हे फोन करून विचारावंच लागतं.

एमआयसी २ असलेल्या न्यूमोकोकसला २० मायक्रोग्रॅम लागतील आणि तेवढं आत जात नाही. म्हणून कल्चर हाती येईपर्यंत व्हॅन्कोमायसिन सोबत असतं. एकट्या व्हॅन्कोमायसिनवरही आम्ही राहत नाही, कारण त्याचं आत जाणं बेभरवशाचं.

तर साठ किलोच्या रुग्णाचा कागद असा होतो: सेफ्ट्रियाक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी, व्हॅन्कोमायसिन किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम, दर ८ ते १२ तासांनी; वय ५० च्या पुढे, गरोदर किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर अँपिसिलिन २ ग्रॅम दर ४ तासांनी, कारण लिस्टेरियावर सेफ्ट्रियाक्सोन अजिबात चालत नाही. मुलांना सेफ्ट्रियाक्सोन दिवसाला किलोमागे १०० मिलिग्रॅम, व्हॅन्कोमायसिन दिवसाला किलोमागे ६० मिलिग्रॅम चार भागांत. नवजात बाळांना सेफ्ट्रियाक्सोनऐवजी सेफोटॅक्सिम, कारण सेफ्ट्रियाक्सोन अल्ब्युमिनवरचं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, हटवतं आणि बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते.

डेक्सामेथासोनचं पहिलं इंजेक्शन अँटिबायोटिकच्या थोडं आधी किंवा सोबतच द्यायचं. मेलेल्या जंतूंच्या भिंतींचे तुकडे पाण्यात सुटले की सूज एकदम उसळते. ती उसळण्याआधी हे औषध तिथे हवं. बरेच तास उलटल्यावर दिलं तर उपयोग उरत नाही. प्रौढाला १० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, चार दिवस. आपल्याकडच्या व्हायलमध्ये मिलीला ४ मिलिग्रॅम असतं आणि दोन मिलीची व्हायल म्हणजे ८ मिलिग्रॅम. त्यामुळे 'एक व्हायल' दिली तर डोस अपुरा पडतो. अडीच मिली काढायचं असतं, दुसरी व्हायल फोडावी लागते. बारा किलोच्या मुलाला किलोमागे ०.१५ प्रमाणे १.८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.४५ मिली. २००२ मध्ये युरोपातल्या ३०१ प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात डेक्सामेथासोनने वाईट परिणामांचं प्रमाण २५ वरून १५ टक्क्यांवर आलं. मलावीत तसाच फायदा दिसला नाही. आपण ते देतो, पण स्टेन-कल्चरमध्ये न्यूमोकोकस किंवा हिमोफिलस नसून दुसरं काही निघालं तर थांबवतो.

सूज कमी झाली की सांधे आवळतात, म्हणजे डेक्सामेथासोन व्हॅन्कोमायसिनची वाट अरुंद करतं. सशांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं. माणसात व्हॅन्कोमायसिन भरपूर दिलं, तर डेक्सामेथासोन चालू असतानाही पाण्यात पुरेसं सापडलं. म्हणून या दोन औषधांची जोडी असेल तेव्हा व्हॅन्कोमायसिनचा डोस हात राखून द्यायचा नाही. चौथ्या डोसच्या अर्धा तास आधी रक्त घ्यायचं. त्यात १५ ते २० मायक्रोग्रॅम हवं. १० आलं तर पाण्यात काय जात असेल याचा विचार करा. २५ आलं तर मूत्रपिंडाचा. क्रिॲटिनिन एक दिवसाआड तरी बघायलाच हवं.

औषध लिहिणं आणि औषध पोचणं यांच्यामध्ये सिस्टरांचं काम असतं, आणि आकडा बिघडतो तो बहुतेक इथेच. व्हॅन्कोमायसिनची ५०० ची व्हायल १० मिली पाण्यात, मग निदान १०० मिली सलाईनमध्ये. एक ग्रॅमला २०० मिली. वेग मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे एक ग्रॅमला १०० मिनिटं. मिलीला २० थेंबांच्या सेटने मिनिटाला ४० थेंब. घाईत अर्ध्या तासात सोडलं तर मान, चेहरा, छाती लालबुंद होते, खाज सुटते, रक्तदाब पडतो. त्याला ॲलर्जी समजून केसपेपरवर लाल शाईने 'व्हॅन्कोमायसिन देऊ नये' लिहिलं जातं आणि रुग्ण कामाच्या औषधाला कायमचा मुकतो. बहुतेक वेळा वेग कमी केला की पुरतं.

सेफ्ट्रियाक्सोन आणि व्हॅन्कोमायसिन एकाच बाटलीत किंवा एकाच नळीत पाठोपाठ गेलं तर गाळ धरतो. मध्ये सलाईनने नळी धुवायची. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, त्याच्याबरोबरही सेफ्ट्रियाक्सोन चालत नाही. नवजात बाळात तर कॅल्शियमची ड्रिप असेल तर हे औषध मुळातच नको. अँपिसिलिन डेक्स्ट्रोजमध्ये लवकर निकामी होतं, ते सलाईनमध्येच, ताजं करून लगेच द्यायचं. सकाळीच दिवसभराचं तयार करून ठेवणं म्हणजे संध्याकाळी पाणी टोचणं. सेफ्ट्रियाक्सोनचा १०० मिलीचा डोस अर्ध्या तासात संपायला हवा, २० थेंबांच्या सेटने मिनिटाला सुमारे ६७ थेंब. सुई शिरेतून बाहेर सरकून हात फुगला तर तो डोस पोचलाच नाही असं धरायचं. रात्री दोनचा डोस सकाळी आठला दिला गेला, तर त्या मधल्या तासांत आकडा रेषेखाली असतो. ही औषधं जंतू मारतात ती रेषेच्या वर किती वेळ राहिली यावर, एकदाच किती उंच गेली यावर नाही. रक्तातली पातळी उतरत असताना पाण्यातली हळू उतरते, तेवढा आधार मिळतो. पण तो आधार चुकलेल्या डोससाठी गृहीत धरायचा नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कल्चर येतं. सेफ्ट्रियाक्सोनला जंतू नीट दबत असेल तर व्हॅन्कोमायसिन बंद. मेनिंगोकोकस असेल तर घरातल्या निकटच्या माणसांना सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० चा एकच डोस. न्यूमोकोकसमध्ये त्याची गरज नाही, कितीही मागणी झाली तरी. ४८ तासांत ताप-भान सुधारलं नाही, किंवा जंतू औषधांना दाद न देणारा निघाला, तर पुन्हा पाणी काढून ते निर्जंतुक झालंय का ते बघतो.

कल्चरमध्ये काहीच न उगवणं ही आमची मोठी अडचण. रुग्ण आधी चार दिवस बाहेर कुठेतरी गोळ्या किंवा सेफ्ट्रियाक्सोन एक ग्रॅम रोज एकदा घेऊन आलेला असतो. त्या डोसने पाण्यातले जंतू अर्धेमुर्धे दबतात, मरत नाहीत. पाण्यात पेशी कमी, त्यांत लिंफोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त, साखर थोडी खाली, आणि चित्र टीबीच्या मेंदूज्वरासारखं दिसतं. मग सीबीनॅट, छातीचा एक्स-रे, आजार किती दिवसांचा याची बारकाईने विचारपूस, आणि कधी कधी दोन्ही उपचार एकदम सुरू. टीबीच्या औषधांतही हाच हिशेब आहे: आयसोनियाझिड जवळजवळ पूर्ण आत जातं, रिफॅम्पिसिन फार तर पाचवा भाग.

डोक्याच्या शस्त्रक्रियेनंतर होणारा मेंदूज्वर वेगळा. तिथे जंतू बऱ्याचदा ॲसिनेटोबॅक्टरसारखे असतात, त्यांना अनेकदा उरलेलं औषध कोलिस्टिन, आणि ते शिरेतून आत नीट जात नाही. मग मेंदूच्या पोकळीत बसवलेल्या नळीतून रोज १० मिलिग्रॅम थेट सोडावं लागतं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं, आणि ते लगेच बाहेर वाहून जाऊ नये म्हणून नळी काही वेळ बंद ठेवायची. हे न्यूरोसर्जनच्या हाताखालीच व्हायला हवं. सरसकट सगळ्यांना थेट टोचणं धोक्याचं आहे. तान्ह्या बाळांत पोकळीत जेंटामायसिन टोचून पाहिलेल्या अभ्यासात मृत्यू वाढले होते.

पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरलेला असतो. रुग्ण भाकरी मागतो, मोबाईल बघतो. आणि भाऊ येऊन म्हणतो, "चांगला जेवतोय की आता. गोळ्या द्या लिहून, घरी नेतो. तोड आलीय उसाला." त्याचं म्हणणं खोटं नसतं, रुग्ण खरोखर सुधारलेला असतो. पण पहिल्या दिवशी औषध आत जात होतं ते सूज होती म्हणून. आता सूज ओसरली, सांधे पुन्हा घट्ट झाले, पंप पुन्हा जोमाने चालू लागले. पहिल्या दिवशी जे दोन ग्रॅम शंभरातले दहा भाग आत पोचवत होते, तेच आता त्याहून कमी पोचवतात. अशा वेळी डोस अर्ध्यावर आणला, तर पाण्यात उरतं ते जवळजवळ काहीच नाही. गोळ्यांनी तर रक्तातलीच पातळी एवढी चढत नाही, पाण्याचं सोडाच. मेंदूच्या आवरणाच्या घड्यांत लपून राहिलेले जंतू आठ-दहा दिवसांनी डोकं वर काढतात. हे त्या भावाला आम्ही असं सांगतो: सूज असताना वाट रुंद होती, आता अरुंद झाली, म्हणून औषध तेवढंच चालू ठेवायचं, शेवटच्या दिवसापर्यंत. बहुतेकांना ते पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुन्हा कागद-पेन घेऊन बसतो.

मेनिंगोकोकसला ७ दिवस, हिमोफिलसला ७ ते १०, न्यूमोकोकसला १० ते १४, लिस्टेरिया आणि ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे स्टेनमध्ये गुलाबी दिसणाऱ्या, काड्यांना २१. डेक्सामेथासोन चौथ्या दिवशी संपतं. मूत्रपिंडाचे आकडे बिघडले नसतील तर एकाही औषधाचा डोस मधेच खाली येत नाही.

चौदाव्या दिवसाचा रात्रीचा डोसही दोन ग्रॅमचाच. तो संपला की शीर काढतो. घरी सोडण्याआधी कान तपासायचे. मोठ्यांची ऑडिओमेट्री, लहानांची बेरा, या दोन्ही ऐकण्याच्या तपासण्या. न्यूमोकोकसची सूज आतल्या कानापर्यंत गेली असेल तर तिथली पोकळी काही आठवड्यांत हाडाने भरू लागते, आणि मग कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायच्या यंत्राची, तार आत सरकत नाही. म्हणून ही तपासणी पुढच्या भेटीवर ढकलत नाही. डिस्चार्ज कार्डावर आधी दोन्ही कानांचा निकाल लिहिला जातो, मग पुढच्या भेटीची तारीख.